टोक

सिस्टर इग्नासिया तुस्कानो, वय अडुसष्ट, वसई.
केस पेपरवर एवढंच, आणि खाली घाईचं अक्षर:
धाप. दोनदा चक्कर. अँजिओ नॉर्मल.
कारण, आणि पुढे रेघ.

परळच्या या खोलीत एसी कायम सोळावर.
यंत्राला उकडलेलं चालत नाही,
माणसं गारठली तर चालतात.
मी जेल तळव्यावर घासून कोमट करते,
तेवढंच माझ्या हातात.
त्या न सांगता डाव्या कुशीवर वळल्या,
गळ्यातला क्रूस स्वतःच पाठीवर टाकला.
अशा खोल्यांची सवय असावी.

एकवीस वर्षं करते हे काम.
हृदय हा शब्द घरी वापरत नाही.
इथे ते राखाडी, दाणेदार, चार खणांचं काहीतरी,
भिंती मोजायच्या, झडपा बघायच्या, टक्के लिहायचे.
पस्तीस, लिहिलं.

आमच्या धंद्यात एक चूक सगळ्यांकडून होते.
प्रोब जरासा वर राहतो आणि टोक कापलं जातं.
चित्र छान येतं तेव्हा. गोलसर, आटोपशीर,
खोटं.

त्या दिवशी का कुणास ठाऊक
एक फासळी खाली उतरले.
टोकाशी, जिथे भिंत आवळून यायला हवी,
तिथे हातमोज्याचं रिकामं बोट.
बाकीचं सगळं आत येई
तेव्हा ते नेमकं बाहेर फुगे,
आणि त्या खोबणीत रक्त घुटमळत राही,
निघायचं विसरल्यासारखं.

"सिस्टर, तुम्ही असता कुठे?"
"वसईला."
"त्याआधी?"
"बोलिव्हियात. चोवीस वर्षं. डोंगरातलं गाव, शाळा होती आमची."
"आणि राहायला?"
"मातीचं घर, वर गवत. भिंतीला ही भेग."
मग म्हणाल्या, "विंचुका फार."
"विंचू का?"
त्या हसल्या. पडद्यावर चित्र गदगदलं.
"विंचू नाही गं. विंचुका. ढेकणाची थोरली बहीण.
रात्री छतातून उतरते. चावली तरी जाग येत नाही.
चाव्यापाशी घाण करून जाते,
सकाळी आपण खाजवतो, आपल्याच हाताने ती आत.
एकदा माझा एक डोळा आठवडाभर सुजला होता,
पोरी म्हणायच्या, सिस्टर आम्हाला डोळा मारतात."

मोठे डॉक्टर आले. ईसीजी पुन्हा उलगडला.
उजवी वाट बंद, डावीची एक फांदी बंद.
एवढा वेळ तिथेच होतं ते, कागदावर.
त्यांनी रेघेपुढे एक नाव लिहिलं
जे त्यांनी फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं,
आणि शेजारी प्रश्नचिन्ह.
रक्ताच्या दोन तपासण्या, दोन निराळ्या पद्धतींच्या,
दोन्हींची साक्ष जुळली तरच खरं.
आमच्या लॅबकडे किट नव्हतं.
नमुना बर्फात बसून विमानाने गेला.

मी जुनी फाइल काढली, सहज.
दोन वर्षांपूर्वीचा इको. "टोक: नॉर्मल."
खाली सही, घ चा पोट फुगलेला,
र. घाग.
मीच.

सांगितलं त्यांना. लपवून कुठे ठेवणार.
त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.
त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.
"बावीस," म्हणाल्या. "त्याच भिंतीला डोकी लावून झोपायच्या.
हुस्तिना, नेलिदा, ती लहानगी वारा...
आता पन्नाशीला आल्या असतील.
त्यांना कुणी विचारलं असेल का, कुठे झोपत होता?"
जेल त्यांच्या छातीवर वाळत गेलं,
मी टॉवेल हातात धरून उभी.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दोन्ही साक्षी जुळल्या.
प्रश्नचिन्ह खोडलं, नाव राहिलं.

आता येणाऱ्या प्रत्येकाला
मी एक फासळी खाली उतरते, आणि विचारते,
लहानपणी कुठे, मग कुठे, भिंत कसली.
बाहेर बाकडं भरत जातं.
मामा दारावर थाप मारतो:
"घागबाई, आटपा. अजून एकोणीस आहेत."