आज्ञार्थ

मला तमिळ येते
पण सगळी आज्ञार्थी.
निल्लु, थांब. वा, ये. पो, जा.
उट्कारु, बस खाली.
कैयै तूक्कु, हात वर.
एवढ्यावर मी एक अख्खं गाव अकरा महिने चालवलं.

सावद्याच्या अलीकडे, रावेर रस्त्याला
वजनकाट्यावर बसतो आता.
वही, पेन्सिल, कानाला रुमाल.
मे महिना. सकाळी सातलाच पत्रा चटके देतो,
म्हणून कापणी पहाटे उरकायची,
उन्हाचा चरका लागायच्या आत घड गाडीत.

आज गाडी नामक्कलची.
ड्रायव्हर हॉटेलातल्या टीव्हीखाली उभा,
हातातला चहा निवलेला.
पडद्यावर वाळूची एक पट्टी,
काल होती त्याहून अरुंद,
तिच्यावर माणसं, पातेली, ताडपत्र्या,
आणि धूर.
हॉटेलवाला म्हणाला, काहो फौजी, तुमचीच ना ती लढाई?
म्हटलं, आमची वीस वर्षांपूर्वीच संपली.
कोण जिंकलं?
म्हटलं, साखर कमी टाक.

(मद्रासच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा
हार नव्हते. भुसावळला मेव्हणा आला होता सायकल घेऊन.
शांतिसेना म्हणजे बंदुका होत्या का रे, त्यानं विचारलं.
ट्रंक कॅरिअरवर बांधताना
दोर पुरला नाही.)

क्लीनर मात्र टीव्हीकडे फिरकला नाही.
चाकाच्या सावलीत उकिडवा.
नाव तवराजा. वय असेल तिशीचं.
गाव कोणतं?
मंडपम कॅम्प.
त्याच्या आधी?
त्यानं चाकाच्या नटावरची माती नखानं खरवडली.
कोपाय.

मी पेन्सिलीला टोक केलं.
होतं, तरी केलं.

कोपायला विहिरीमागे केळी होती.
आमच्यासारखी नाही, ठेंगणी, पण निगा तीच:
पील राखलेलं, वाळली पानं कापलेली,
दांड स्वच्छ.
मेजर म्हणाले, फेगडे, तू केळीच्या मुलखातला ना?
घे कोयता. समोरचं मोकळं दिसलं पाहिजे.
आणि मी
लीलाधर फेगडे, सात पिढ्या केळीवाल्यांचा,
निसवलेल्या केळी आडव्या करत गेलो.
खोडातलं पाणी कोपरापर्यंत.
ते डाग कुठल्याच साबणानं जात नाहीत,
हे मला तिथं जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

ओसरीवर एक म्हातारी.
रडली नाही. शिव्या दिल्या नाहीत.
मोजत होती.
ओन्रु. इरण्डु. मूण्रु.
एकेका घावाला एकेक, मोठ्यानं,
जणू मीच तिचा हिशेब लिहून घेतोय.
अरुबत्ति मूण्रु. त्रेसष्ट.
मग थांबली.
खांब अजून उरले होते, ती उठून आत गेली.
उरलेले मी न मोजता पाडले.

तवराजा घड वाहू लागला.
काट्यावर टेकवायचा, मी आकडा लिहायचा,
मग गाडीकडे.
तोंडातल्या तोंडात मोजत होता, त्याच्या भाषेत.
पन्नास झाले. साठ.
हॉटेलातला आवाज कुणीतरी मोठा केला.
संपलं, असं काहीतरी म्हणत होते आतून.
ड्रायव्हरनं पेला फळीवर ठेवला,
तो आपटल्यासारखा वाजला.
तवराजा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला,
डोक्यावर घड.
मोजणी तुटली त्याची.
ओठ हलले, आकडा येईना.

अरुबत्ति नालु, मी म्हणालो.

तो वळला.
घड सावरायला दोन्ही हात वर,
तळवे माझ्याकडे,
आणि डोळे असे की मी ते आधी पाहिलेत,
पुष्कळ वेळा, दारादारांतून.
कसं येतं, हे त्यानं विचारलं नाही.
नुसता उभा.

हात खाली घे,
याला तमिळमध्ये काय म्हणतात
ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

मी उठलो, घड स्वतः उतरवून घेतला,
काट्यावर ठेवला.
एकोणीस किलो, दोनशे ग्रॅम.