आंतरपाट

ग्रिम्सबीत समुद्र दोन मैलांवर आहे,
मातकट, गार, माझ्या काही कामाचा नाही.
मी मीठ विकत आणते, बादलीने,
आणि एक्स-रेची ड्यूटी संपवून आल्यावर
रात्री मोजून ढवळते गाळलेल्या पाण्यात.
पंचवीस अंश.
या फ्लॅटमधली सर्वांत उबदार जागा तीच.

मोठी आधीपासून होती. दीड वर्ष एकटी,
पंपाला चिकटून झोपायची.
मग क्लीथॉर्प्सच्या टेरीने पिशवीत घालून दिला
बोटाच्या पेराएवढा दुसरा.
म्हणाला, "यांच्यात जन्माने बाई कुणीच नसतं.
जो मोठा होतो, तो बाई होतो."
आणि सुटे पैसे परत दिले.

मी टाकीत मधोमध उभा केला
भोकांचा पांढरा पत्रा.
अकरा दिवस.
मोठी पत्र्यावर तोंड आपटत राहिली.
धाकटा हीटरच्या मागे,
एक डोळा भोकाला लावून.
मी कोट घालून बघत उभी राहायची
आणि बस चुकायची.

माझ्या वेळी आंतरपाटाचं एक टोक मामांनी धरलं होतं.
दुसरं कुणी, आठवत नाही.
मंगलाष्टकं लांबली होती, कुणाची तरी आत्या नवं कडवं रचून आली होती.
कापडाखालून मला दिसत होते
फक्त सुधन्वाचे पाय.
अंगठे आत वळलेले, थरथरत होते.
मला वाटलं, थंडी.
मे महिना होता.

बाराव्या दिवशी मी पत्रा काढला.
सावधान म्हणायला कुणी नव्हतं.
मोठी सरळ चालून गेली, कल्ल्यापाशी चावली,
आणि तो कलंडला एका कुशीवर
आणि थरथरला, डोक्यापासून शेपटीपर्यंत,
मुका केलेला फोन टेबलावर थरथरतो तसा.
टेरीने सांगून ठेवलं होतं:
थरथरला की जमलं समजा.
पळत सुटला तर पिशवी घेऊन परत या.

तिसऱ्या रात्री दोघं पंपाखाली झोपली.
मी टेरीला तसं कळवलं, अंगठ्याचं चित्र आलं.

आमची नऊ वर्षं.
मी बोलायचे, तो "बरं" म्हणायचा.
कुठलं गाव, कुठला सोफा, मूल एवढ्यात नको. बरं.
त्या "बरं"ला मी होकार समजत आले.
मग एका रविवारी त्याने बॅग भरली,
शर्टांच्या घड्या माझ्या पद्धतीने घालून.

फेब्रुवारीत झाकणाला दोन बोटांची फट राहिली.
सकाळी रेडिएटरपाशी, गालिच्यावर, मोठी.
आंब्याची वाळलेली साल असावी तशी.
मी तिला कुंडीत पुरलं, जिरेनियमच्या शेजारी,
आणि कामावर गेले.
त्या दिवशी सगळी मनगटंच होती. बर्फावर घसरलेली माणसं.

धाकट्याने तीन दिवस खाल्लं नाही.
चौथ्या दिवशी खाल्लं.
उन्हाळ्यापर्यंत तो पाठीत रुंद झाला,
काच पुसायला हात घातला की चावायला लागला.
टेरी म्हणतो, आता तो ती आहे.
मी "धाकटी" म्हणून पाहिलं, जीभ अडखळली.
व्याकरणाला वेळ लागतो.
माशाला नाही लागत.

परवा लीड्सहून सुधन्वाचा फोन आला,
कसल्याशा जुन्या कागदांवर माझी सही हवी होती.
आवाज भरलाय त्याचा.
मी बोलत होते, मध्येच म्हणाला,
"थांब. आधी माझं ऐक."
मी ऐकलं.
फोन ठेवला तेव्हा
माझ्या पायांचे अंगठे आत वळलेले होते.
हीटिंग चालू होतं.

टेरीकडे नवे आलेत, पेराएवढे.
"एक बाजूला काढून ठेवू का?"
पत्रा वॉशिंग मशीनच्या मागे सापडला,
भोकाभोकांत मीठ साकळलेलं.
आज नुसता धुऊन ठेवते.