एक सुटला

माझी हातोडी हलकी आहे, दीड पौंडाची.
तिनं मारायचं नसतं, विचारायचं असतं.
टण् म्हणाला तर रिव्हेट धड.
ठप्प म्हणाला तर आत गंज पाणी पीत बसलाय:
खडूनं गोल करायचा, वहीत लिहायचं,
दोरावरून हातभर पुढे सरकायचं.
दिवसाला असे तीनशे.
खाली टाईन, मचूळ, भरतीला उलटी फिरणारी,
आणि कानाशी किटिवेक पक्षी,
दिवसभर स्वतःचंच नाव घेऊन भांडणारे.
समुद्र सोडून आठ-नऊ मैल आत आलेत,
लोखंडाला कडा समजून नांदतात.

मी जिच्याकडे भाड्यानं राहते ती विनिफ्रेड हेस्लॉप,
वय अठ्ठ्याऐंशी, जन्म गेट्सहेडचा.
न्यूकासलला ती नुसतं "पलीकडे" म्हणते,
जणू मध्ये नदी नाही, मोडलेली सोयरीक आहे.

तिचा बाप या पुलावर बादलीवाला होता.
भट्टीपाशी उभा माणूस चिमट्यानं लाल रिव्हेट भिरकवायचा,
कधी वर, कधी आडवा, तीस-तीस फूट,
आणि हा अठरा वर्षांचा पोरगा
वितभर फळीवर उभा राहून झेलायचा.
खण्ण. मग भोक, मग घण, मग काळं पडणं.
रात्री डोळे मिटले
की लाल ठिपके पापण्यांच्या आत उडत राहायचे.

तेव्हा पूल नव्हता.
पुरी होईपर्यंत कमान नसतेच,
दोन काठांचे दोन हात असतात, पडू पाहणारे,
मागून तारांनी धरून ठेवलेले.
अठ्ठावीसच्या फेब्रुवारीत ते भेटले.
नंतर भाषणं, बॅंड, शाळांची पोरं रांगेनं.
काठावरच्या मनोऱ्यांत गोदामं व्हायची होती,
मजले कधी घातलेच नाहीत.
आत उभं राहून हाक मारली
तर अजून कबुतरंच ओ देतात.
कामात एक माणूस पडून गेला, त्याची नोंद आहे.
रिव्हेटची नोंद कोण ठेवणार?

घरी आई बटाटे फेकायची,
बाप पातेल्यात झेलायचा, पाठ फिरवूनसुद्धा.
"एक खाली पडला नाही," विनिफ्रेड सांगते.
पुलावर मात्र एक सुटला.

एकच.
चर्र झालं पाण्यात, इवलीशी वाफ.
कुणी रागावलं नाही. भट्टीत पुढचा तयारच होता,
भोक मिनिटभरात भरलं.
पण त्याच्या हिशेबात ते उघडंच राहिलं.
निवृत्तीला घड्याळ मिळालं तेव्हा म्हणाला, एक सुटला.
लेकीच्या लग्नात दोन ग्लासांनंतर म्हणाला.
शेवटी वॉर्डात
नर्स गोळ्या घेऊन आली की
थरथरता कप पुढे धरायचा:
टाक.

परवा, पक्ष्यांच्या विष्ठेत माखलेल्या एका जोडापाशी,
गोल टोप्यांच्या रांगेत
मला एक चौकोनी डोकं दिसलं.
रिव्हेट नाही, बोल्ट.
बाकीच्यांसारखाच हिरवा, थरावर थर,
कुणीतरी घाईत, किंवा संध्याकाळ झाली म्हणून,
किंवा कशाला तरी कंटाळून बसवलेला.
ठोकून पाहिला. टण्.
बाकीच्यांपेक्षाही स्वच्छ.
वहीत लिहिलं नाही. फोटो काढला.

विनिफ्रेडनं चष्मा पुसला,
फोन खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला.
मी गप्प. किटली बोलत होती.
"कुठल्या बाजूचा?"
"उत्तरेच्या."
तिनं फोन माझ्याकडे सरकवला.
"मग आमचा नाही तो. पलीकडच्यांचं काम असंच."

आणि सोलायला घेतलेला बटाटा,
माझ्याकडे न बघता,
मी पातेलं उचलायच्या आधीच,
फेकला.