शेरा

माझ्या पिशवीत दोन वह्या.
एक अंगणवाडीची, तिच्यात वजनं.
एक मतदारयादी, तिच्यात नावं.
खाली शेंगाचटणीचा डबा,
दोन्हींना तेलाचा डाग.

वस्तीला घरनंबर नाहीत.
सेटलमेंटच्या तारा निघाल्या त्याला किती वर्षं झाली,
तरी सोलापुरात पत्ता सांगताना
लोक अजून म्हणतात, तारेपलीकडं.

मार्चात कोयनाबाई काळेच्या दाराला सुतळी होती.
दोनदा गेले. तिसऱ्यांदा ऊन फार होतं.
मी शेरा लिहिला : स्थलांतरित.
ती नळावर होती.
पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेव्हा अख्खी वस्तीच नळावर असते.
हे मला ठाऊक होतं.

असे शेरे त्रेसष्ट.
सगळे माझ्या वळणदार अक्षरात.

निवडणूक झाली, मग दवाखान्याची जागा ठरली.
कुणीतरी विचारलं, तिकडं मतं किती?
यादी पुढं सरकली
आणि दवाखाना नाल्याच्या अलीकडं आला.
फरशी चांगली आहे. पंखेही चालतात.

काल तिनं पोराला काट्यावर ठेवलं.
दीड वर्षाचं. सहा किलो दोनशे.
दोन महिने खोकतंय.
"रिक्षाला साठ जातात, बाई.
वर तिथं विचारतात, कुठली गं तू?"

मी वजन लिहिलं, लाल रकान्यात.
वाचता येत नाही तरी
ती वहीवर वाकली.
"ह्याचं नाव हाय नव्हं ह्यात?"

आहे, म्हटलं.
ह्या वहीत आहे.