तराई

टाइल्स निघाल्या तेव्हा भिंत वीतभर मागं सरकली
असं मला वाटलं.
पाऊण इंच फक्त, ताई, म्हणाले मैनोद्दीन मिस्त्री.
औशाहून सकाळच्या गाडीनं येतात,
कानावर पेन्सिल, डब्यात ज्वारीची भाकरी.

अकरा वर्षं या भिंतीसमोर मी
रोज बेचाळीस डबे भरले.
फोडणी उडायची, मी पुसायची.
पांढऱ्या टाइल्स चमकायच्या आणि वाटायचं, झालं.
तेल सांध्यांतून आत जात होतं.
आता तिथं भिंत पिवळी, चिकट,
नखानं ओरखडलं तर करडईचा वास.

बोटाच्या पेरानं ते भिंत वाजवत जातात,
डॉक्टर पाठ वाजवतो तसे.
ठक. ठक. ठक.
मग एकदम ढब.
ढब आलं की पेन्सिलीचा गोल.
दुपारपर्यंत एकवीस गोल.
"मागच्यानं माल फक्त मधी थापलाय,
लाडवावानी. कोपरे समदे पोकळ."
त्या मागच्याचं नाव मला आठवतं.
पैसे त्यानं पूर्ण घेतले होते.

शेगडीच्या वर एक भेग निघाली.
लातुरात भेग दिसली की माणूस एकच प्रश्न विचारतो.
मी विचारला नाही.
मिस्त्रींनी खिशातून रुपया काढून भेगेवर धरला,
तो आत गेला नाही.
"वरची आहे. प्लास्टरची.
त्या पहाटेची असती तर…"
आणि रुपया परत खिशात.

एक भाग चांगला राहिला होता,
घट्ट, गुळगुळीत, खणखणीत ठक वाजणारा.
तेवढाच बघून मला बरं वाटत होतं.
त्यांनी छिन्नी घेतली आणि नेमके त्यालाच टाचे मारायला लागले.
अहो, ते तर चांगलं आहे!
"चांगलंय म्हणूनच राहू दिलंय.
पण गुळगुळीताला काही धरत नसतंय, ताई."

धुण्याचा सोडा, गरम पाणी, तारेचा ब्रश.
मग साधं पाणी. मग परत सोडा.
तीनदा धुतलं तरी तव्यामागची जागा
पाण्याचे मणी करून खाली सोडायची.
शेवटी तेवढं विटेपर्यंत खरवडलं.
विटेवर चार बोटांचे ठसे होते,
कच्ची असताना कुणीतरी उचललेली.
बोटं लहान होती.
मिस्त्री क्षणभर थांबले, मग त्यावर सिमेंटचं पाणी मारलं
आणि पोऱ्याला म्हणाले, गिलावा आण.

"आता सात दिवस तराई. दिवसातून तीनदा.
एक टाइम चुकला की वाळून तडकंल,
मग मला बोलायचं नाही."

आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो,
कधी दहाव्या.
ड्रममध्ये हात घालून मी पाणी मोजलं:
वरण, भात, भांडी, बेचाळीस पोरांचे तांबे.
आता हे त्रेचाळिसावं गिऱ्हाईक,
आणि याला उधारी चालत नाही.

तांदूळ धुतलेलं चालंल का?
"नाही."
भांड्याचं, निवळून?
"तुम्ही पिता तेच पाजा."

मेस अंगणात आली, दोन विटा आणि पिठलं.
देगलूरचा मन्मथ, डॉक्टरकीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारा,
रोज संध्याकाळी आपल्या खोलीतून अर्धी बादली आणतो,
न सांगता मोरीजवळ ठेवतो.

पहिल्या रात्री भिंत सुर्र करून प्यायली.
मग मारला की तिथल्या तिथं पाणी गायब,
जशी कधी दिलंच नव्हतं कुणी.
पाचव्या रात्री थोडं ओघळून खाली आलं.
मी दिवा बंद करून बोटानं वाजवून बघितलं.
मिस्त्रींचं बोट वेगळं,
मला नुसता ओला आवाज आला.

टाइल्सचे खोके पट्ट्यांसकट पॅसेजमध्ये.
त्यांच्यावर बसून मन्मथ वाचतो,
कारण तिथला दिवा चांगला आहे.
"काकू, अजून किती दिवस?"
दोन, मी म्हणते.
तो पुस्तकातून वर बघत नाही.
"माझे चौसष्ट."