लिफ्टचा खड्डा, गिट्टीखदान

चौकीदार म्हणाला, बाई, माती कायले पायजे तुमाले?
कुंड्यांना, म्हटलं.
खोटंच. चाळीस वर्षांत
खरं सांगून मला कोणी माती दिलेली नाही.

सात मजली इमारत होणार आहे.
सध्या फक्त लिफ्टचा खड्डा,
आणि खड्ड्याच्या भिंतीत
वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर,
मधे हातभर हिरवट-राखाडी थर.
एक लाव्हा आला, निवला.
दुसऱ्याला यायला उशीर झाला,
इतकंच.
तेवढ्या उशिरात इथं तळं साचलं,
शंख आले, बेडूक आले, मासे आले,
कोणी कोणाला खाल्लं, त्याची लेंडकंही दगड होऊन राहिली.
मी त्या उशिराची अभ्यासक.

त्र्याऐंशी साली विभागात चाळणी नव्हती.
इतवारीतून आणलेली आईची रव्याची चाळणी नेली,
रेशनचं घासलेट नेलं.
वाळलेली माती घासलेट पिते,
मग पाण्यात टाकली की आपोआप विरघळते,
भांडण मिटल्यासारखी.
घरी स्टोव्ह कोरडा.
आई शेवटपर्यंत म्हणे,
पोरीनं पीएचडी केली अन् चाळणी बुडवली.

मग ओला कुंचला, तीन केसांचा,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली दुपारी.
किती दुपारी, ते मोजलं नाही.
एकोणनव्वदच्या मेमध्ये, कूलरचं पाणी संपलेलं असताना,
एक दात.
मोहरीहून लहान, तीन टेंगळं.
मी म्हटलं, सस्तन!
डायनोसॉरच्या पायांतून पळणारी
आपल्या सगळ्यांची कुणी लांबची आत्या.
अकरा पानांचा शोधनिबंध.
वर्तमानपत्रात फोटो आला, आणि खाली
डॉ. रत्नमाला उरकुडेच्या जागी
डॉ. रत्नमाला उकिरडे.
फारसं चुकलं नव्हतं.

वीस वर्षांनी माझीच विद्यार्थिनी,
तुमसरची मंजिरी झंझाड,
नव्या यंत्राखाली तो दात पाहून
चहा संपेपर्यंत काही बोलली नाही.
मग कपाकडे बघत म्हणाली,
मॅडम, मासा असावा.

त्या संध्याकाळी सेमिनरी हिलचा उतार
स्कूटर बंद करून उतरले.
रात्री लिहायला बसले:
‘पूर्वी सस्तन म्हणून नोंदवला गेलेला नमुना...’
कर्मणी प्रयोग फार सोयीचा,
त्यात कोणी चुकलेलं दिसत नाही.
खोडलं.
लिहिलं, माझं चुकलं. पुढची तीन पानं का ते.

अकरा पानांचा हवाला अजून निघतो.
तीन पानं मंजिरीनं वाचली, आणि छपाईवाल्यानं.

शाळांमधून बोलावतात.
उत्क्रांती म्हणजे प्रगती, असं फळ्यावर आधीच लिहिलेलं असतं.
मी पुसत नाही. शंख काढते.
बघा, हा डावीकडे वळतो.
तळं भरलं तेव्हा डावखुरा, आटलं तेव्हाही डावखुरा,
आणि फुटाळ्याच्या शेवाळात आजही असलेच डावखुरे बसलेत,
कुठंही न पोचता.
मागच्या बाकावरचा एक पोट्टा
पेन डाव्या हातातून उजव्यात घेता घेता थांबतो.
माझ्या कामाचा उपयोग काय, असं विचारतात,
तेव्हा मला तो आठवतो, पण सांगत नाही.

चौकीदारानं दोन सिमेंटच्या पोत्यांत माती भरून दिली.
यात काही उगवत नाही बाप्पा, म्हणाला.
म्हटलं, उगवून झालंय.
उद्या नऊला काँक्रीट पडणार.
एक पोतं पायांत, एक मागच्या सीटवर.
घासलेट आता रेशनवर मिळत नाही,
हे टाकळीच्या सिग्नलवर आठवलं.

मंजिरीला फोन केला.
तुम्ही उचलू नका मॅडम, मी येते, म्हणाली,
दुसरं काहीतरी बघू. चाळणी आहे ना?

आहे.
एका कडेला जाळी सुटली आहे,
तिथं बोट धरावं लागतं.