दिवसातून चार वेळा

भिंग उत्तम बसलंय, जिज्ञाबेन म्हणाल्या.
मग हे काय खुपतंय,
पापणीखाली कोणी रवा सांडल्यासारखं?

केशरी कागदाचं टोक त्यांनी डोळ्याला टेकवलं,
दिवा निळा केला. पापणी हलवू नका, मासी.
आणि मोजू लागल्या: एक, दोन, तीन, चार…
फुटला.
काय फुटलं?
पाण्याचा पापुद्रा. बुबुळावर असतो,
दहापर्यंत तरी टिकायला हवा.

काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी बाटल्या उजेडासमोर धरल्या.
बुडबुडा, तडा, काळा ठिपका: काढ बाजूला.
पट्टा थांबायचा नाही,
चारच्या पुढे मोजायला वेळच नसायचा.
आज मला धरलं कोणीतरी उजेडासमोर
आणि बाजूला नाही काढलं.
थेंब लिहून दिले.

छेद तांदळाच्या कणीएवढा.
पण त्या वाटेत जाणिवेचे बारीक तंतू होते,
ते तुटले. आता डोळ्याला कळतच नाही
आपण कोरडे पडलोय ते,
आणि कळतं तेव्हा घाबरून
एकदम सगळा नळ सोडतो.
कोरड्या डोळ्यालाच पाणी जास्त, मासी.
येतील तंतू परत. दोन-तीन महिने. कधी जास्तही.

भिंत मात्र पांढरी निघाली.
दिवाळीत रंगाऱ्याचे तीनशे कापले होते मी,
पिवळी केलीस म्हणून.

फाल्गुनात धाकटे दीर गेले.
दांडिया बाजार, दुसरा मजला, पंखा पाचावर.
अकरा वर्षं ज्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही
त्यांच्या पायाशी माझा डावा डोळा धो धो.
उजवा नुसता बघत होता.
बायका कुजबुजल्या, काही म्हणा, माया होती हो.
मी पदर लावला नाही.
चोळायचं नाही, असं कागदावर आहे.

तीनच्या थेंबांची वेळ झाली.
मोरीच्या दाराशी बाटली उघडली,
मागे जाऊ, इंदुमती.
सकाळपासून कोरडीठाक.
काय गं ते?
अश्रूच. बाटलीतले.
तिनं बाटली घेतली, वाचली, उलटी धरून.
मग म्हणाली, मलाही घाल एक.
बाहेर सगळ्या माझ्याकडेच बघतायत.

एकाची बाटली दुसऱ्याला नाही,
तेही कागदावर आहे.

तिची हनुवटी मी वर केली
आणि तोंड खिडकीकडे वळवलं,
उजेडासमोर.